पार्षदीणबाईंची कात्री

मेघना ही गोष्ट सांगताना आज इतकी हसते, की डोळ्यांना पदर लावावा लागतो. तेव्हा मात्र तिला हसू-बिसू काही आलं नव्हतं. नागपूरच्या तिच्या घरी जबलपूरची मंडळी बघायला आली होती. पुढच्या खोलीत पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मुलगा, म्हणजे सुमेध, मान खाली घालून आपल्याला सगळं मराठी समजतंय असं दाखवत होता. आणि मुलाची आई, अनसूयाबाई अलोणी, 'जरा हात धुवून येते' म्हणून उठल्या.

मेघना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. पाहते तर काय, बाई मोरीकडे न जाता थेट मागच्या अंगणात! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पर्समधून एवढीशी कात्री काढली, कचकन् डबल जास्वंदीची फांदी उडवली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये कोंबली. परत येऊन बसल्या त्या असा चेहरा करून, की जशा काही देवाला फूल वाहूनच आल्या. वर पुन्हा म्हणतात, "पोहे छान झालेत हो, विहीणबाई."

मेघना आईच्या कानाशी लागली. "आई, मुलगा बरा आहे. पण त्याची आई चोर आहे."

"हळू बोल! पार्षदाची, म्हणजे तिकडच्या नगरसेवकाची बायको आहे ती."

"म्हणूनच तर सांगतेय!"

पाहुणे गेल्यावर मायलेकींनी चांदीच्या वाट्या मोजल्या. चमचे मोजले. देवघरातला बाळकृष्ण जागेवर रांगतोय का ते पाहिलं. सगळं शाबूत. मग मेघनाच्या आईनं निकाल दिला, "असतो एकेकीला नाद. जास्वंदच नेली ना? सोनं नाही ना नेलं? मग करून टाक लग्न."

आता मेघनाची चूक झाली म्हणावं, तर ती अर्धीच. अनसूयाबाई चोर नाहीत असं कोण म्हणेल? जबलपूरच्या अर्ध्या बंगल्यांचे माळी तर म्हणायचेच नाहीत. मेघनाला वाटलं होतं, बाई हौशी आहेत, घरी नेऊन कुंडीत लावत असतील, चार जणींना दाखवून मिरवत असतील. आणि लग्न होऊन जबलपूरच्या घमापुरात आली तेव्हा पाहते, तर घरात एक धड कुंडी नाही! दारात तुळस तेवढी, ती पण वाकलेली.

पहिल्याच सकाळी नवी सून चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आली, तर बाहेरून सासूबाईंचा आवाज.

"बळीराम, जज्जसाहेब काहून मान टाकून राहिले? काल पाणी नाही पाजलं?"

"पिलाया था दीदी. बुढ़ापा है उनका."

"आणि कर्नलला पहा, कीड पडली. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाल त्याला. डॉक्टरीणबाई मात्र काय फुटून राहिल्या गं बाई!"

मेघना कप तसाच ठेवून नवऱ्याकडे धावली. सुमेध पेपर वाचत म्हणाला, "वो... ते... आईची झाडं आहेत." आणि पुन्हा पेपरात गेला. सुमेधचं मराठी असंच आहे, कळतं सगळं, निघत नाही काही.

झालं होतं असं, की अनसूयाबाई ज्याच्याकडून फांदी उचलायच्या, त्याचंच नाव त्या झाडाला द्यायच्या. चोरी केली म्हणून काय नाव बुडवायचं? जज्जसाहेब म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या एका रिटायर्ड जज्जांच्या फाटकावरचा क्रोटन. कर्नल म्हणजे छावणीतला गुलाब. डॉक्टरीणबाई म्हणजे मोगरा. बळीराम म्हणजे मात्र खराच माणूस, पन्नाशीचा, मिशीवाला, ई-रिक्षावाला. तो बाईंचा सारथी. बाई कोणाच्या कुंपणात शिरल्या की हा फाटकाशी रिक्षा उभी करून राहायचा, आणि चौकीदार दिसला की जोरात ओरडायचा, "नर्मदे हर!" जबलपुरात नर्मदे हर म्हटल्यावर कोण संशय घेईल? चौकीदार पण हात जोडून म्हणायचा, नर्मदे हर. तेवढ्यात बाई रिक्षात.

त्या सकाळी अनसूयाबाईंनी सुनेला हाताला धरून गल्लीच्या वळणावर नेलं आणि एका जास्वंदीपुढे उभं केलं. "आणि ही तुझी आई. भारी हट्टी. खत घातलं की तोंड फिरवते, दोन दिवस कोणी बोललं नाही की रुसते. पण फुलायचं ठरवलं ना, तर सगळ्यांच्या वर डोकं."

मेघनानं आपल्या आईचं इतकं नेमकं वर्णन आजवर ऐकलं नव्हतं. तिथेच तिचं सासूशी जमलं.

अनसूयाबाई मूळच्या जबलपूरजवळच्या मझौलीच्या. वडील तिथे शाळामास्तर. त्यांची एक आत्या होती, तिचं म्हणणं असं, की विकत आणलेलं रोप मिजास करतं, मागून आणलेलं रोप रुसतं, आणि चोरून आणलेलं बिचारं घाबरून मुकाट्यानं वाढतं. पोरीनं हे ब्रह्मवाक्य धरलं. लग्न होऊन आल्या त्या दिवाकरराव अलोणींच्या घरी. दिवाकरराव फॅक्टरीत नोकरीला, युनियनमध्ये भाषणं ठोकायचे. भाषणं ठोकता ठोकता एक दिवस पार्षद झाले. लोक म्हणाले, आता अनसूयाबाईंचं नशीब उघडलं. उघडलंच! जिथे आधी कोणी उभं करत नव्हतं, तिथली आमंत्रणं यायला लागली. झेंडावंदन, सत्कार, लग्न, बारसं, शोकसभा. दिवाकरराव जायचे ओळखी वाढवायला. बाई जायच्या कात्री घेऊन.

"निदान शोकसभेत तरी नको गं," दिवाकरराव हात जोडायचे.

"काहून? गेलेल्या माणसाची आठवण राहते. तुम्ही नुसतं भाषण करून राहिले, मी तर त्याचं झाड लावून राहिले."

यावर फॅक्टरीच्या मॅनेजरला तीन वेळा गप्प करणारे दिवाकरराव बाईंची पर्स उचलून द्यायचे.

आता ती वळणाची जागा. आज तिथे बायका पोरांना घेऊन फोटो काढायला येतात, पण तेव्हा ती मोहल्ल्याची कचराकुंडी होती. कुंडी तरी कसली, ढीगच! सकाळी गाडी येऊन उचलून न्यायची, दुपारपर्यंत लोक पुन्हा डोंगर उभा करायचे. दिवाकररावांनी तिथे बोर्ड लावला, 'यहाँ कचरा डालना मना है'. दुसऱ्या दिवशी बोर्डाला पिशव्या टांगलेल्या. खिळा आयताच मिळाला ना!

अनसूयाबाई म्हणाल्या, "तुमचं राजकारण ठेवा बाजूला. मी हळदीकुंकू करते."

"घरी?"

"ढिगावर."

आणि खरंच, संक्रांतीला बाईंनी ती जागा धुऊन घेतली, रांगोळी काढली, सतरंजी टाकली आणि सगळ्या मोहल्ल्याच्या बायकांना बोलावलं. वाणाला काय लुटलं? दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती, आणि मातीत एकेक फांदी. मराठी घरं तिथे चार, बाकीच्या सगळ्या हिंदी भाषक. त्यांनी हळदीकुंकू कधी पाहिलं नव्हतं. त्या विचारू लागल्या, "भाभी, इसका नियम क्या है?"

अनसूयाबाईंनी जागच्या जागी नियम तयार केला. "हमारे में जहाँ हल्दी-कुमकुम होता है न, वहाँ जो कचरा डाले, उसकी सास बीमार पड़ती है."

दुसऱ्या दिवशी पाहतात तर कचरा दुप्पट!

मेघना हे ऐकून पोट धरून खाली बसली होती. "मग आई?"

"मग काय! मोहल्ल्यातल्या सुना मला ओळखता आल्या नाहीत, माझीच चूक. पुन्हा सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, नियम सांगताना माझ्याकडून अर्धा राहिला. सास बीमार पड़ती है, और बीमार सास तीन महीने छोटी बहू के घर रहने आती है."

"आणि मोठ्या सुना?"

"त्यांना म्हटलं, तीन महिन्यांनंतर बड़ी के घर."

त्या दिवसापासून तिथे शेंगदाण्याचं टरफल पडलं नाही.

मग हळूहळू वळण भरलं. बाईंकडे पैसा कुठला, म्हणून मिळेल त्यात झाडं लावली. तुटक्या बादल्या, फुटके माठ, एका पाडलेल्या घराचं वॉश बेसिन, आणि त्याच घराचं, आता काय सांगावं, कमोड सुद्धा. त्याला बाईंनी निळा रंग दिला आणि त्यात सदाफुली लावली. येणारे-जाणारे त्याला सिंहासन म्हणतात. शेजारच्या गल्लीनं पाहिलं, त्यांनी पण लावलं. मग शाळेच्या भिंतीशी, मग हॅण्डपंपाशी. बायका एकमेकींच्या फांद्या नेऊ लागल्या. आणि कायदा असा, की मागून नाही न्यायची. मालकीण बाहेर आली की चोरणारीनं म्हणायचं, नर्मदे हर. दुपारच्या वेळी त्या वॉर्डात परका माणूस गेला तर त्याला वाटतं, काय भाविक वस्ती आहे!

मेघना पण कधी त्यात ओढली गेली ते तिचं तिला कळलं नाही. आधी नुसती पर्स धरायची. मग लक्ष ठेवायला उभी राहू लागली. मग एका लग्नात पंगतीतून उठून स्वतःच जाऊन अनंताची फांदी घेऊन आली, तेव्हा अनसूयाबाईंचे डोळे भरून आले. "आता मी मरायला मोकळी," म्हणाल्या. "मग मराल कशाला, उद्या आणखी एक लग्न आहे," मेघना म्हणाली.

तर असं सगळं सुखात चाललेलं, आणि आली निवडणूक. दिवाकररावांना तिसऱ्यांदा तिकीट पाहिजे होतं. आणि तिकीट होतं पक्षाच्या अध्यक्षजींच्या हातात, आणि अध्यक्षजी होते त्यांच्या बायकोच्या हातात. बायकोचं नाव शर्मिला. इंदूरची मराठी मुलगी, माहेर तालेवार, बोलणं ठसक्याचं. नेपियर टाउनमध्ये बंगला, बंगल्याला दोन माळी.

दिवाकररावांनी विचार केला, वॉर्डात दाखवण्यासारखं काय आहे? नाली दाखवावी तर तुंबलेली. बायकोचं वळणच काय ते देखणं. त्यांनी अध्यक्षजींना आणि शर्मिलावहिनींना बगीचा बघायला बोलावून टाकलं, आणि घरी येऊन मग बायकोला सांगितलं.

अनसूयाबाईंची पोळी तव्यावर करपली. "कोणाला बोलावलं?"

"शर्मिलावहिनींना. का?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि मेघनाकडे पाहिलं. मेघनानं छताकडे पाहिलं.

कारण वळणाच्या ऐन मधोमध, सगळ्या बगीच्याची राणी म्हणून, एक बोगनवेल उभी होती. दोन पुरुष उंच, आणि एकाच फांदीवर पांढरी फुलं आणि राणी रंगाची फुलं. असं झाड सगळ्या जबलपुरात आणखी एकीकडेच होतं. आता कोणाकडे, ते सांगायची गरज आहे का?

"झाकून टाकू या," मेघना म्हणाली.

"दोन पुरुष उंच झाड काय पदरानं झाकशील?"

"कापू या थोडं?"

"हात तर लाव!"

नवतपा सुरू होता, ते मेअखेरचे नऊ आगीचे दिवस. सकाळी आठलाच रस्ता पोळत होता. मोहल्ल्याच्या चाळीस एक बायका नटून उभ्या. अध्यक्षजी उतरले, मागून काळा चष्मा लावून शर्मिलावहिनी उतरल्या. हार झाले, टाळ्या झाल्या. वहिनी दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. चष्मा काढला.

"हे झाड इथे कुठून?"

दिवाकररावांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. ते छाती काढून म्हणाले, "नर्सरीतून, वहिनी! मी स्वतः निवडून आणलं."

आणि नेमका त्याच वेळी मागून बळीराम पाइप घेऊन आला. त्याला कोण कुठली वहिनी, काय माहीत! "दीदी, शर्मिला बहुत फैल गई है इस साल. बाद में छाँट दूँ?"

मेघनाला वाटलं, सिंहासनामागे जाऊन लपावं.

"माझं आहे हे," शर्मिलावहिनी एकेक शब्द चावत म्हणाल्या. "बंगलोरहून विमानात मांडीवर घेऊन आणलं होतं मी. माझं मागच्या वर्षी वाळलं. आता हे उपटा आणि माझ्या बंगल्यावर पाठवा. मगच तिकिटाचं बोलू."

"अहो, पाठवा काय, आत्ता पाठवतो!" दिवाकरराव ओरडले. "बळीराम, फावडा आण!"

"बळीराम, जागचा हलू नको," अनसूयाबाई म्हणाल्या.

बळीराम एक पाय उचलून तसाच उभा राहिला, बगळ्यासारखा.

"अगं, तिकीट आहे तिकीट!" दिवाकरराव दातओठ खाऊन कुजबुजले.

"तिकीट तुमचं, मुळं तिची. नवतप्यात सात वर्षांचं झाड उपटायचं म्हणजे मारायचंच. तुम्ही घरी बसलात तर मी पोळी वाढीन. पण ही मेली तर मी कोणाला तोंड दाखवू?" मग बाईंनी पदर खोचला आणि वहिनींकडे वळल्या.

"वहिनी, तुमचं झाड वाळलं म्हणता?"

"वाळलं."

"हे वाळलं का?"

"नाही."

"मग हे तुमचं कसं?"

"फांदी माझ्या झाडाची आहे!"

"कबूल. चोरली, ते पण कबूल. तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला चोरली. केक कापला तेव्हा सगळे टाळ्या वाजवून राहिले होते, म्हणून कात्री ऐकू आली नाही."

"बघा!" शर्मिलावहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तोंडानं कबूल करताहेत!"

"पण नेली वीतभर. आणि ही झाली एवढी उंच. मधली वाढ कोणाची, वहिनी? तुमच्या दोन माळ्यांपैकी एक तरी आला का इथे पाणी घालायला?"

एवढं ऐकायची देर, मोहल्ल्याच्या बायका सुटल्या. एक म्हणाली, "मैंने सात साल की चाय पत्ती डाली है इसमें!" दुसरी म्हणाली, "और मेरी भैंस का गोबर?" तिसरी तर बोगनवेलीच्या खोडालाच हात लावून उभी राहिली. "इसकी जड़ में तो मेरे अंडे के छिलके हैं. ले जाना है तो पहले मेरे छिलके अलग करो."

अध्यक्षजी इतका वेळ रुमालानं घाम पुसत होते. राजकारणातला मुरलेला माणूस! त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही, चाळीस बायकांकडे पाहिलं. पार्षद ओरडला तर कोणी हललं नाही, आणि पार्षदीणबाईंनी भुवई उचलली तर बळीराम अजून एका पायावर उभा आहे, हेही पाहिलं. ते दिवाकररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अलोणीजी, टिकट पक्की समझिए. बस, भाभीजी को सामनेवाली पार्टी में मत जाने दीजिए." आणि बायकोला म्हणाले, "शर्मिला, रहने दो. झाड़ यहीं ठीक है."

दिवाकरराव घटाघटा पाणी प्यायले. बळीरामनं पाय खाली ठेवला. अनसूयाबाईंनी बोगनवेलीवरून एकदा हात फिरवला, पोरीच्या केसांवरून फिरवावा तसा.

शर्मिलावहिनी मात्र गाल फुगवून तिथेच उभ्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, झाड नको. फांदी तरी द्याल की नाही?"

"काहून नाही? नेली तेवढी परत. वीतभर."

वहिनींनी लगेच फांदीला हात लावला, अंगठा आणि करंगळी ताणता येईल तेवढी ताणली. "ही घ्या वीत. इथून कापा."

"नखं आत घ्या वहिनी."

"नखं माझीच आहेत!"

"असू द्या. वीत बोटापर्यंत असते. नखं मापात धरली तर उद्या कोणी केस पण धरेल."

"सूनबाई, तूच सांग गं," वहिनींनी मेघनाला मधे ओढलं. "नखं धरतात की नाही?"

मेघनानं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "आमच्या नागपुरात तरी नाही धरत," ती म्हणाली.

"ठीक आहे, नखांशिवाय!" वहिनींनी पुन्हा हात ताणला.

"आणि हात पण तुमचा नाही, माझा," अनसूयाबाईंनी आपला हात फांदीवर ठेवला. तो हात एवढासा, पापडाएवढा.

"हा काय हात आहे? हा तर लहान मुलीचा!"

"नेली तेव्हा हाच होता. त्या दिवशी तुम्ही पकडलं असतं, तर कोणता हात पकडला असता?"

शर्मिलावहिनींनी आपला हात मागे घेतला. कचकन् कात्री वाजली. बाईंनी फांदी ओल्या रुमालात नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिली. वहिनींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि कुरकुरल्या, "बोटभर जास्त दिली असती, तर काय बिघडलं असतं?"

"तुमची सवय बिघडली असती, वहिनी. इथे मागून नाही न्यायची," अनसूयाबाई म्हणाल्या.